हवा पिणारी यंत्रं आणि वऱ्हाडातला फुफाटा

माणूस दिवसभरात साधारण दहा-अकरा हजार लिटर हवा श्वासातून घेतो. हिरवळ कापायच्या यंत्राचं, म्हणजे लॉन मोअरचं, १६० सीसीचं छोटं पेट्रोल इंजिन जवळपास तेवढी हवा तासाभरात ओढतं. हिशेब करून बघा. मिनिटाला ३००० फेरे धरले, तर चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांना एकदा हवा घेतं. म्हणजे मिनिटाला १५०० घोट. सिलिंडर दर वेळी काठोकाठ भरत नाही, तरी तासाचा आकडा दहा हजार लिटरच्या आसपास जातो. ही सगळी हवा ते जमिनीपासून हातभर उंचीवरून घेतं. तीही स्वतःच्याच पात्याने उडवलेल्या धुळीतून.

वऱ्हाडातल्या मूर्तिजापुरात हिरवळ कापायला आहेच किती, असं कुणी विचारेल. लग्नाच्या लॉनवर आहे, शाळा-कॉलेजांच्या आवारात आहे. पण हेच इंजिन, त्याची भावंडं आणि त्याचे थोरले काका इथल्या प्रत्येक वावरात पोचलेत. धुऱ्यावरचं गवत कापणारा ब्रश कटर, पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप, डवऱ्याच्या जागी आलेला पॉवर वीडर आणि थ्रेशर फिरवणारा ट्रॅक्टर. या सगळ्यांच्या अंगावर कुठे ना कुठे एक डबी असते आणि डबीत एक फिल्टर. यंत्रातला हा सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक. तो बिघडला की सगळ्यात महागडं काम निघतं, म्हणून त्याच्याबद्दल चार गमतीच्या आणि चार कामाच्या गोष्टी.

एका लिटरला नऊ हजार लिटर

पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आत-बाहेर, म्हणजे हवा लागली जवळपास अकरा किलो. उन्हाळ्यातल्या तापल्या हवेत हे अकरा किलो म्हणजे नऊ-साडेनऊ हजार लिटर. टाकीत आपण एक लिटर पेट्रोल ओततो आणि इंजिन मुकाट्याने एक लहान खोली भरेल एवढी हवा पिऊन टाकतं. पेट्रोल गाळून घालणारे पुष्कळ भेटतात. हवेकडे लक्ष देणारे कमी.

फिल्टर तुंबला की कार्बोरेटरच्या इंजिनात पेट्रोल तेवढंच आणि हवा कमी असा प्रकार होतो. मग प्लग काजळतो, धूर काळा येतो, पेट्रोल जास्त लागतं आणि उंच गवतात यंत्र दम टाकतं. डिझेल ट्रॅक्टरचंही तसंच: ओझ्याखाली काळा धूर फेकायला लागला की मेस्त्रीने आधी एअर क्लीनरचं झाकण उघडावं, पंपाला हात नंतर लावावा. ब्रश कटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात तर आणखी एक भानगड आहे. तिथे हवा आधी क्रँककेसमधून जाते आणि मग सिलिंडरमध्ये. त्यामुळे फिल्टर चुकवून आत शिरलेली धूळ पिस्टनच्या आधी क्रँकच्या बेअरिंगला भेटते. हे इंजिन हवाही प्रत्येक फेऱ्याला घेतं, आणि फेरे मिनिटाला सात-आठ हजार सहज होतात.

दिसते ती धूळ गरीब

आपल्या डोळ्याला साधारण ४०-५० मायक्रॉनपर्यंतचा कण वेगळा दिसतो. केस ७० मायक्रॉनच्या आसपास. इंजिनाचा खरा वैरी ५ ते २० मायक्रॉनचा कण, कारण पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधला तेलाचा थर अवघ्या काही मायक्रॉनांचा असतो. मोठा खडा तिथे शिरूच शकत नाही. बारीक कण बरोबर फटीत बसतो आणि दोन्ही बाजू घासत राहतो.

आता आपली माती बघा. वऱ्हाडची काळी माती बेसॉल्टच्या काळ्या पाषाणातून झाली. अशा मातीला शास्त्रज्ञ व्हर्टिसॉल म्हणतात आणि त्या गटात बसायला मातीत किमान ३० टक्के चिकणमाती लागते. चिकणमातीचा कण म्हणजे २ मायक्रॉनपेक्षाही लहान. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या भागात, क्षारांमुळे ही चिकणमाती आणखी सुटी होते. पावसाळ्यात पायाला मणभर चिकटणारी हीच माती एप्रिल-मे महिन्यांत पांदणीतून ट्रॉली गेली की घोट्याएवढा फुफाटा होऊन मागे उठते.

तिच्यासोबत पाषाणाचा बारीक चुराही असतो. कठीणपणाच्या मोहस मापावर फेल्डस्पार ६ आणि क्वार्ट्झ ७. ओतीव लोखंड ४ ते ५, ॲल्युमिनियम त्याहून बरंच मऊ. छोट्या इंजिनांचे पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात. कोण कुणाला झिजवणार हे यात आलंच.

'जरा हवा मारून दे'

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ऐकणाऱ्याला सगळ्यात उलटी वाटणारी. कागदी फिल्टर थोडा मळला की जास्त चांगलं गाळतो.

फिल्टर चाळणीच्या तत्त्वावर चालत नाही. कागदाच्या धाग्यांमधली छिद्रं ज्या कणांना अडवायचं त्यांच्यापेक्षा पुष्कळदा मोठी असतात. हवा धाग्याला वळसा घालून जाते, जड कणाला तेवढ्या पटकन वळता येत नाही आणि तो धाग्यावर आपटून तिथेच बसतो. मधले कण वळता वळता धाग्याला घासून अडकतात. सगळ्यात बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि कुठे तरी धाग्याला लागतात. अडकलेल्या धुळीचा पातळ थर तयार झाला की तो थरच पुढची धूळ अडवायला लागतो. म्हणजे कोऱ्या फिल्टरचे पहिले काही तास हेच त्याचे सगळ्यात कच्चे तास.

म्हणून दर संध्याकाळी कागदी फिल्टर काढून कंप्रेसरवर जोराची हवा मारणं ही काळजी वाटते, पण त्यात फिल्टरचा जीव जातो. जोराच्या झोताने कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात, घड्यांच्या कडा फाटतात, रबराची कड सैल होते. मग फिल्टर दिसतो लख्ख आणि गाळत काहीच नाही. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत कागदी फिल्टरला दाबाची हवा लावूच नका असं लिहिलेलं असतं; काही ३० पीएसआयच्या आतली हवा, तीही आतून बाहेर, एवढी मुभा देतात. गाडीच्या टायरच्या दुकानातला झोत याच्या कितीतरी पट असतो. ब्रशने घासणंही नको, त्याने धूळ धाग्यांच्या आत ठासली जाते. फळीवर हलक्या हाताने चार वेळा आपटावा, पडेल ती धूळ पडू द्यावी आणि तेवढ्याने भागत नसेल तर नवा घ्यावा. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नाही. वाळल्यावर तो पहिल्यासारखा दिसला तरी पहिल्यासारखा राहत नाही.

खात्री करायची तर संध्याकाळी अंधारात फिल्टरच्या आत मोबाइलचा टॉर्च धरा आणि बाहेरून फिरवून बघा. कागदातून सगळीकडे सारखा मंद उजेड यायला हवा. कुठे सुईच्या टोकाएवढा जरी चकचकीत ठिपका दिसला, तरी तो फिल्टर संपला.

फोमचं धुणं

छोट्या यंत्रांत पुष्कळदा स्पंजासारखा फोमचा फिल्टर असतो. तो मात्र धुवायचा. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, आणि दाबून दाबून पाणी काढायचं. धोतरासारखा पिळला तर फाटतो. सावलीत पूर्ण वाळू द्यायचा. मग थोडं इंजिन ऑइल शिंपडून सगळीकडे मुरवायचं आणि जादा तेल दाबून काढून टाकायचं. फोमचं कसब या तेलातच आहे. कोरड्या फोममधून आपली बारीक माती आरपार जाते. कागदी फिल्टरवर चढवलेली फोमची टोपी मात्र काही यंत्रांत कोरडीच ठेवायची असते, नाहीतर तेल कागदावर उतरतं. आपल्या यंत्राचं पुस्तक काय सांगतं ते एकदा बघून घ्यावं.

पेट्रोलने फोम धुण्याची सवय सोडलेली बरी. आगीचा धोका आहेच, शिवाय फोम लवकर सडतो. जुना फोम हाताला चिकट लागला किंवा चिमटीत चुरा व्हायला लागला, तर तो त्याच दिवशी बदला. तो चुरा जाणार कुठे, तर थेट कार्बोरेटरमध्ये.

पुस्तिकांतले तास सरासरी हवेसाठी असतात. छोट्या इंजिनांना कुठे २५ तासांनी, कुठे ५० तासांनी फोम साफ करा असं लिहिलेलं असतं आणि त्याच ओळीत 'धुळीत अधिक वेळा' असंही असतं. ऑक्टोबरची सोयाबीन सोंगणी, जानेवारीतली तुरीची मळणी, फेब्रुवारी-मार्चचा हरभरा आणि गहू: हे चारही हंगाम आपल्याकडे या 'अधिक वेळा'मध्येच मोडतात. माझं मत विचाराल तर या दिवसांत फोम रोज बघावा आणि कागद फक्त गरज पडली तर.

तेलात बुडणारी धूळ

ट्रॅक्टरवरचा जुना ऑइल बाथ एअर क्लीनर ही मला अभियांत्रिकीतली फार सुंदर कल्पना वाटते. हवा वरून नळीने खाली येते, तेलाच्या वाटीवर आपटते आणि एकदम उलटी वळून वर जाते. हवेला वळता येतं, धुळीला येत नाही. ती तेलात बुडते. उरलीसुरली धूळ वरच्या तारांच्या जाळीवर, तेलाच्या तुषारांनी ओल्या झालेल्या तारांना चिकटते. आपल्या नाकातले केस आणि ओलावा मिळून हेच काम करतात. महिंद्राच्या ४७५ आणि ५७५ या वऱ्हाडात घरोघरी ओळखीच्या ट्रॅक्टरांवर असाच क्लीनर आणि त्याच्या आधी प्री-क्लीनर अशी रचना राहिली आहे.

वाटीतलं तेल खुणेइतकंच हवं. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि निळा धूर येतो. कमी भरलं तर धूळ बुडायला जागाच नाही. तेल घट्ट झालं, तळाशी गाळ बोटभर जमला की वाटी रॉकेलने धुवून नवं तेल घालावं. तुरीच्या मळणीत कुटाराचा भुगा हवेत असतो आणि कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या आसपास रुईचे तंतू. ही दोन्ही आधी बाहेरच्या जाळीवर बसतात. जाळी रोज पुसायला मिनिटही लागत नाही.

ट्रॅक्टरची हवेची नळी बॉनेटच्या वर एवढी उंच का काढतात? धूळ जमिनीजवळ दाट आणि वर विरळ असते म्हणून. हातभर वर गेलं तरी फिल्टरचं काम हलकं होतं. लॉन मोअरला ती सोय नाही, म्हणून त्याचा फिल्टर छोटा असूनही जास्त कष्टाचा धनी. जमेल तर कापण्याच्या आदल्या संध्याकाळी गवतावर पाणी मारून ठेवावं. सकाळपर्यंत पाती सुकतात आणि खालची माती बसलेली राहते.

शकुंतलेला फिल्टर नव्हता

मूर्तिजापूरहून एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूर, अशी अडीच फुटी रुळांवरची शकुंतला रेल्वे इथल्या कापसासाठी बांधली गेली. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं, १९२३ पासून धावलं आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. सत्तर वर्षं फुफाट्यातून धावूनही त्या इंजिनाच्या सिलिंडरला धुळीची भीती नव्हती, कारण सिलिंडरमध्ये हवा जातच नाही. तिथे बंद बॉयलरमधली वाफ जाते. हवा लागायची ती भट्टीला, आणि भट्टीला धुळीचं काय? डिझेल इंजिन आलं आणि शकुंतलेच्या रुळांवरही गाळलेली हवा लागायला लागली.

पीचचा डबा, रजईचं कापड आणि ॲरिझोनाची माती

हिरवळ कापायचं पहिलं यंत्र इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगने १८३० साली काढलं. त्याला ते सुचलं कापडाच्या गिरणीत, लोकरी कापडावरची लव कापून सारखी करणारं यंत्र बघून. इंजिन नाही, फिल्टर नाही. ढकलणारा माणूस हेच बळ. ऑस्ट्रेलियात १९५२ साली मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसनने सिडनीतल्या आपल्या घरी हलकं फिरत्या पात्याचं यंत्र जोडलं, तेव्हा पेट्रोलच्या टाकीला त्याने पीच फळांचा रिकामा पत्र्याचा डबा लावला. त्यातून पुढे व्हिक्टा हे नाव घराघरांत पोचलं.

फिल्टरची कथा मात्र शेतातली आहे. अमेरिकेत १९१५ साली फ्रँक डोनाल्डसन नावाचा ट्रॅक्टर विकणारा माणूस गिऱ्हाइकाच्या शेतावर गेला, तर धुळीने ट्रॅक्टरचं इंजिन बसलेलं. त्याने तारेचा पिंजरा आणि रजईसाठी वापरतात तसं मऊ कापड घेऊन हवेच्या तोंडावर बसवायची गाळणी केली. त्यातून उभी राहिलेली कंपनी आजही फिल्टरच बनवते.

आणि जगभरचे फिल्टर तपासायला वापरतात ती धूळ कुठली? ॲरिझोनाच्या वाळवंटातली. सुरुवातीला ती तिथल्या सॉल्ट रिव्हर खोऱ्यात ट्रॅक्टर आणि ट्रकांच्या मागे उडणाऱ्या मातीतून गोळा केली जायची. आता तिच्या बारीक-जाड अशा ठरीव प्रती मिळतात आणि आयएसओ १२१०३-१ हे मानक त्यांचं माप ठरवतं. फिल्टरने किती धूळ अडवली हे बघण्याची पद्धत आयएसओ ५०११ मध्ये आहे. आपल्या पूर्णाकाठच्या मातीचीही अशी एक प्रत असावी असं मला मनापासून वाटतं. इथे चालणारं यंत्र इथल्या धुळीत तपासलेलं बरं.

फिल्टर मंगळावरही गेलाय. नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मॉक्सी या यंत्राने २०२१ ते २०२३ या काळात तिथल्या हवेतून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढला, आणि मंगळाची तांबडी धूळ आत जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाशीही फिल्टरच होता.

आधी आवार, मग डबी

अमरावती-अकोला महामार्गावर लोणीपासून मूर्तिजापूर तालुक्यातल्या मानापर्यंत ७५ किलोमीटर डांबरी थर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि गिनीजमध्ये नोंद झाली. आधीचा विक्रम कतारच्या दोह्याचा होता. रस्ता गुळगुळीत झाला. पांदणीतला फुफाटा तसाच आहे. यंत्रं काम करतात ती पांदणीत.

याच तालुक्यातल्या दापुरीला, मामाच्या घरी, गाडगेबाबांचं बालपण गेलं. गुरं राखली, वावरात राबले. पुढे गावोगाव गेले की आधी खराटा हातात घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. फिल्टरच्या कामालाही हाच क्रम लागतो. डबी उघडण्याआधी तिच्याभोवतीची धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, नाहीतर झाकण काढताक्षणी बाहेरची माती आत पडते आणि फिल्टर न काढलेलाच बरा होता अशी वेळ येते. फिल्टर काढल्यावर कार्बोरेटरच्या तोंडात स्वच्छ फडकं धरावं. डबीचा आतला भाग, म्हणजे फिल्टरच्या पलीकडची बाजू, पांढऱ्या कापडाने पुसून बघावी. कापडाला माती लागली तर धूळ फिल्टरला वळसा घालून जातेय: रबराची कड चुरगळली असेल, क्लिप सैल असेल किंवा फिल्टर दुसऱ्याच मापाचा असेल.

मोठ्या यंत्रांचे मालक इंजिन ऑइलचा छोटा नमुना प्रयोगशाळेत देतात. तेलात सिलिकॉन वाढलेला दिसला की समजतं, माती आत येतेय. इंजिनला आवाज येण्याच्या कितीतरी आधी हा इशारा मिळतो. आपल्याला एवढं नको. दोन मळण्यांच्या मध्ये तेल भराभर कमी होत असेल तर तोच इशारा समजावा. रिंगा झिजल्या की इंजिन तेल खातं, आणि मग उतरवून बोअर करण्यावाचून इलाज राहत नाही.

एक तिरकी गोष्ट

लॉन मोअरचं पातं साफ करायला तो आडवा करतात. चुकीच्या कुशीवर केला तर क्रँककेसमधलं तेल थेट फिल्टरमध्ये उतरतं, कागद भिजतो आणि पुढच्या वेळी दोरी ओढली की पांढरट धुराचा लोट. फिल्टरची बाजू नेहमी वर ठेवावी आणि त्याआधी प्लगची टोपी काढावी, म्हणजे पातं चुकून फिरणार नाही.

पावसाळा संपला की मोअर कोपऱ्यात जातो आणि ब्रश कटर खुंटीवर. मग येते कुंभारीण माशी. तिला मातीचं घर बांधायला छोटं भोक हवं असतं आणि हवेची नळी तिला अगदी मापाची वाटते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या विमानतळावर अशाच एका जातीच्या माश्यांनी विमानांचा वेग मोजणाऱ्या नळ्यांत घरटी बांधून वैमानिकांना हैराण केलं. आपल्याकडे ती फिल्टरच्या डबीत शिरते, आणि उंदीर फोम कुरतडून घरटं करतात. यंत्र ठेवताना हवेच्या तोंडाला जाळीचं कापड बांधा आणि त्यावर लाल चिंधी लावा, म्हणजे काढायचं विसरणार नाही. मृगाचा पाऊस पडून गवत वर आलं की पहिल्यांदा दोरी ओढण्याआधी चिंधी सोडा, क्लिप दाबा, डबीत कुणी राहायला आलंय का ते बघा.